दुबई, फ्रँकफर्ट की इमाबारी?

सोलापुरात व्यवस्थापन शिकणाऱ्या मुलांचा परदेशी अभ्यास दौरा निघायचा म्हटलं की पहिलं नाव दुबईचं येतं, दुसरं सिंगापूरचं आणि तिसरं बँकॉकचं. यात मुलांचा दोष नाही. सहल कंपन्यांची पत्रकंच तशी छापलेली असतात. एक दिवस एखाद्या कारखान्याची भेट, एक दिवस बंदर, उरलेले दिवस मनोरे, बाजार आणि समुद्रकिनारा. शहरातल्या एका महाविद्यालयात आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवणाऱ्या प्राध्यापिकेच्या टेबलावर अशी पत्रकं आली, तेव्हा त्यांनी ती बाजूला ठेवली आणि वर्गाला विचारलं, "तिथे जाऊन कोणाला काय विचारणार आहात?"

वर्गाकडे उत्तर नव्हतं. दौरा कुठे न्यायचा याचा शोध त्या दिवशी सुरू झाला.

या मुलांची घरं पाहिली की हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, ते कळतं. कोणाच्या घरचे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग आहेत. कोणाचे वडील दुसऱ्याच्या कारखान्यात जेकार्ड चालवतात, कोणाची आई विड्या वळते, कोणाचा मामा शाळेच्या गणवेशांचं शिलाई युनिट चालवतो. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलमध्ये आपले पणजोबा होते, असं सांगणारी मुलंही निघतात. बऱ्याच घरांत तेलुगू बोलली जाते, कारण तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराचा पूर्व भाग वसवला. व्यापार या मुलांनी पुस्तकाआधी घरात पाहिलेला असतो. अशा मुलांना कुठलाही चकचकीत कारखाना दाखवून आणणं म्हणजे त्यांच्या आईवडिलांचे पैसे वाया घालवणं, असं मॅडमचं स्पष्ट मत होतं.

त्या स्वतः साखर पेठेतल्या विणकर घरातल्या. शिकवायला लागण्यापूर्वी त्यांनी एका निर्यातदाराकडे कागदपत्रांचं काम केलं होतं: बँकेची एलसी तपासणं, पॅकिंग लिस्ट बनवणं, बिल ऑफ लेडिंगची वाट पाहणं. त्या कामात एक गोष्ट त्यांच्या मनात पक्की बसली. परदेशी खरेदीदार जीएसएम, म्हणजे कापडाचं वजन, विचारतो, भाव विचारतो, माल कधी चढणार ते विचारतो. टॉवेल कोणत्या गावात विणला गेला हे विचारत नाही. न्हावा शेव्याहून कंटेनर निघतो तेव्हा आतल्या टॉवेलवर खरेदीदाराचं लेबल असतं. सोलापूर हे नाव सोलापुरातच राहतं.

दौऱ्याचं ठिकाण ठरवण्याआधी त्यांनी मुलांना पूर्व भागात पाठवलं. काम सोपं होतं. मागमालक, मागांची जुळणी पाहणारे जॉबर, रंगाई करणारे, सूत विकणारे आणि कामगार यांना भेटायचं आणि प्रत्येकाला विचारायचं, तुमची सगळ्यात मोठी अडचण कोणती. काही कारखान्यांत मुलांना दारातूनच परतावं लागलं. बहुतेक ठिकाणी मात्र चहा मिळाला आणि मनमोकळं बोलणंही झालं.

"मॅडमला सांग, तिकडच्या मशिनी बघून काय करनार? इथं लाइट बिल बघून झोप लागंना," असं एका अण्णांनी सांगितलं. दुसरे म्हणाले, नवीन पोरं मागावर यायला तयार नाहीत. रंगाईवाल्यांनी पाण्याचं रडगाणं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटर पाइपातून येतं आणि शहराच्या नळाला काही दिवसांआड मिळतं. विंधन विहिरीचं पाणी क्षारांचं, त्यामुळे रंग एकसारखा बसत नाही. जुन्या साध्या मागांचा वेग, रॅपियर मागांची किंमत, सुताच्या भावाची रोजची चढउतार, सगळं मुलांच्या वह्यांत आलं. आणि जवळपास प्रत्येक वहीत आणखी एक तक्रार होती: सोलापुरी चादर म्हणून बाजारात पानिपतचा माल विकला जातो.

वर्गात या प्रश्नांची छाननी झाली आणि या सगळ्या प्रवासात शिकण्यासारखं सर्वांत जास्त तिथेच होतं. विजेच्या दराचं उत्तर परदेशात नाही, ते मुंबईत वीज नियामक आयोगापुढे आहे. पाण्याचं उत्तर महापालिकेकडे आणि जलसंपदा खात्याकडे आहे. मागांची माहिती विक्रेता घरी येऊन देतो, आणि ज्याला यंत्र घ्यायचंच आहे त्याच्यासाठी चार वर्षांनी एकदा भरणारं आयटीएमए प्रदर्शन आहे. २०२३ मध्ये ते मिलानला झालं. मुलांनी तिथे जाऊन काय करायचं? उरला नावाचा प्रश्न. गावाचं नाव मालावर कसं चढवायचं, ते कसं राखायचं आणि त्या नावाचे पैसे विणणाऱ्याच्या हाती कसे पडायचे. हा प्रश्न मात्र असा होता की ज्या गावाने तो सोडवला आहे, तिथे जाऊनच पाहायला हवा होता.

नावाचा कागद सोलापूरकडे आहे, हे विशेष. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. देशात ही नोंदणी नुकती सुरू झाली होती तेव्हाची ही गोष्ट. यादीतल्या अगदी पहिल्या काही नावांत या दोन्हींचे क्रमांक आहेत. पण चादर विकत घेणारा माणूस आजही दुकानदाराच्या शब्दावरच ती सोलापुरी मानतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेलं, तेव्हा या गोष्टीची किंमत वर्गाला नीट कळली. ज्या खरेदीदाराला गावाशी देणंघेणं नाही, तो दोन टक्क्यांसाठीसुद्धा ऑर्डर दुसऱ्या देशात हलवू शकतो.

नावाच्या या कसोटीवर एकेक ठिकाण तपासलं गेलं.

दुबई आधी. तिच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच होतं. संयुक्त अरब अमिरातीबरोबरचा व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू झाला आहे, विमानप्रवास जवळचा आणि दुबईतून माल पुढे आफ्रिकेत कसा जातो हे पाहणं उपयोगाचं. पण दुबई विकते, विणत नाही. ज्याला व्यापारी दलाल व्हायचं आहे त्याने जरूर जावं. नावाच्या प्रश्नावर तिथे फार हाती लागणार नव्हतं.

फ्रँकफर्टला दर जानेवारीत हाइमटेक्स्टिल भरतं. घरगुती कापडाचा तो जगातला सर्वांत मोठा बाजार, आणि सोलापूरचे निर्यातदारही तिथे जात आले आहेत. एकाच छताखाली जगभरचे स्पर्धक दिसतात. पण स्टॉलवर दिसतो तो तयार माल आणि हसरा विक्रेता. त्यामागचं गाव, भांडणं, नियम आणि तडजोडी तिथे दिसत नाहीत. शिवाय तो व्यावसायिक खरेदीदारांचा मेळा. ऑर्डर न देणाऱ्या विद्यार्थ्याशी कोण किती वेळ बोलणार?

चीनचं नाव निघालं तेव्हा वर्गात भावना जागी झाली. हबै प्रांतातलं गाओयांग हे टॉवेलचं फार मोठं केंद्र. ते ज्या बाओदिंग परिसरात येतं, त्याच परिसरातल्या तांग तालुक्यात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी युद्धातल्या जखमींवर उपचार केले. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारला. भैया चौकातलं त्यांचं घर स्मारक म्हणून जपलेलं आहे. मुलांना वाटलं, यापेक्षा चांगलं कारण कोणतं? मॅडमलाही ते पटलं होतं. पण गाओयांगचं बळ प्रचंड उत्पादनात आणि कमी भावात आहे. त्या शर्यतीत सोलापूरचा चार-आठ मागांचा कारखानदार उतरू शकत नाही, आणि उतरला तर टिकत नाही. कोटणीसांसाठी चीनला जरूर जावं, तो दौरा वेगळा काढावा, असं ठरलं.

तुर्कस्तानातलं देनिझ्ली बराच काळ यादीत वर होतं. पामुक्कलेजवळचं हे शहर टॉवेल आणि स्नानाच्या झग्यांसाठी प्रसिद्ध. बुलदान, बाबादाग अशा आसपासच्या विणकर गावांतून वर आलेल्या घरांनी ते उभं केलं. पण देनिझ्लीच्या यशात एक भाग असा आहे जो उचलून आणता येत नाही. १९९६ पासून तुर्कस्तान युरोपीय संघाच्या सीमाशुल्क संघात आहे, बाजार ट्रकच्या अंतरावर आहे. मग २०२५ चा मे महिना आला. भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने घेतलेल्या भूमिकेनंतर पुण्याच्या फळबाजारातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घेणं बंद केलं, देशातल्या काही विद्यापीठांनी तिथले करार थांबवले. अशा हवेत पालकांची संमती मिळणं शक्य नव्हतं.

राहिलं इमाबारी. हे नाव वर्गात कोणीच ऐकलं नव्हतं.

जपानच्या शिकोकू बेटावर एहिमे प्रांतात समुद्राकाठी हे शहर आहे. १८९४ पासून तिथे टॉवेल विणले जातात. सोलापूरशी त्याचं साम्य थक्क करणारं आहे. दोन्हीकडे मोठी एखादी गिरणी नाही, लहान-मध्यम घरगुती कारखाने आहेत. दोन्हीकडे सूत आधी रंगवून मग जेकार्डवर विणण्याची परंपरा आहे. कोऱ्या सुताचा टॉवेल विणून नंतर धुण्याची पद्धत जपानमध्ये ओसाकाजवळच्या सेनशूची. आणि दोन्ही गावांना स्वस्त मालाचा मार बसला. इमाबारीचं उत्पादन १९९१ मध्ये सुमारे ५० हजार टन होतं. चीन आणि व्हिएतनामचा माल आल्यावर ते घसरत गेलं आणि २००९ पर्यंत जेमतेम पाचवा हिस्सा उरला. एके काळी पाचशेच्या घरात असलेले कारखाने शंभराच्या आसपास आले. २००१ मध्ये तिथल्या उद्योगाने सरकारकडे आयातीवर बंधन घालण्याची मागणी केली. ती मान्य झाली नाही.

मग त्यांनी काय केलं? २००६ मध्ये तिथल्या टॉवेल उत्पादकांच्या संघाने सरकारी मदतीने एक प्रकल्प हाती घेतला, काशिवा सातो या नामवंत रचनाकाराला बोलावलं आणि सगळ्या गावासाठी एकच चिन्ह तयार केलं. लाल, पांढरा, निळा असा साधा चौकोन. पण चिन्ह मिळवायचं तर परीक्षा होती. टॉवेलचा एक सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा पाण्यावर सोडायचा. न धुतलेला, कोरा तुकडा पाच सेकंदांत बुडायला लागला पाहिजे. रंग टिकणं, धागा न निघणं यांच्याही कसोट्या. नापास झालेल्या मालावर, तो संघाच्या सभासदाचा असला तरी, चिन्ह लावता येत नाही. २०१० पासून घसरण थांबली आणि उत्पादन पुन्हा थोडं वाढू लागलं. २०१२ मध्ये तोक्योच्या आओयामा भागात संघाचं स्वतःचं दुकान उघडलं.

वर्गाला खिळवून ठेवलं ते तारखांनी. सोलापूरचं मानांकन २००५-०६ चं, इमाबारीचा प्रकल्प २००६ चा. दोन गावांनी जवळपास एकाच वेळी आपल्या नावाचा हक्क हाती घेतला. एकाने त्याला परीक्षा जोडली, दुसऱ्याने प्रमाणपत्र चौकटीत लावलं. मधल्या काळात नेमकं काय घडलं, संघातल्या स्पर्धकांना एका नियमाखाली कोणी आणि कसं आणलं, तपासणीचा खर्च कोणी सोसला, नापास झालेल्या कारखानदाराचा राग कोणी झेलला, हे पुस्तकात मिळत नाही. हे विचारायला तिथे जायला हवं. दौऱ्याचं ठिकाण अशा रीतीने ठरलं.

जाण्याआधी ती परीक्षा इथेच घेऊन पाहायचं ठरलं. मुलांनी घराघरांतून कोरे टॉवेल आणले, कात्रीने तुकडे कापले, ग्लासात पाणी घेतलं आणि मोबाइलवर वेळ लावली. काही तुकडे टपकन बुडाले. काही मात्र पाण्यावर तरंगतच राहिले, आणि त्यांत हाताला सर्वांत मऊ लागणारे टॉवेल होते. मुलं गोंधळली. तेव्हा बोलावून आणलेल्या एका जुन्या जॉबरनी उलगडा केला. टेरीच्या मागावर ताण्याचे दोन बीम असतात. एक ताणलेला, जमिनीचा, आणि दुसरा सैल, फासांचा. फास किती उंच, सुताला पीळ किती, यावर पाणी शोषणं अवलंबून असतं. पण विणल्यावर मऊपणासाठी सिलिकॉनचं सॉफ्टनर जास्त मारलं की धाग्यावर थर बसतो आणि पाणी आत शिरत नाही. "दुकानात हात लावनाऱ्याला खूश करायला मारतेत ते. अंग पुसनारा नंतर बोंबलतो," ते म्हणाले. विणण्यात सोलापूर कुठे कमी नाही, शेवटच्या टप्प्यावर आणि तपासणीत आहे, हे मुलांना एका ग्लासभर पाण्यात दिसलं.

अडचणी होत्याच. जपान महाग, ही पालकांची पहिली धास्ती. येनची किंमत २०२४ मध्ये डॉलरला १६० च्या पलीकडे घसरली होती आणि त्यानंतरही तो स्वस्तच राहिल्याने हिशेब पूर्वीपेक्षा खूप हलका झाला होता. तोक्यो वगळायचं ठरलं, तिथेच मोठी बचत झाली. कानसाई विमानतळावर उतरलं की इझुमिसानो, म्हणजे सेनशू टॉवेलचं गाव, अगदी लागून आहे. एका तिकिटात टॉवेलची दोन गावं, दोन पद्धती. तिथून रेल्वेने ओकायामामार्गे इमाबारी. जपानच्या व्हिसासाठी दिवसवार कार्यक्रम लिहून द्यावा लागतो. त्यामुळे कुठल्या दिवशी कोणाला भेटायचं हे कागदावर आधीच पक्कं झालं.

भाषेसाठी पुण्याकडे पाहिलं गेलं. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पिढ्यानपिढ्या परदेशी भाषा शिकवल्या जातात, जपानी जाणणारी मराठी मुलं तिथे मिळतात. कापडाचे शब्द मात्र दुभाष्याला येत नाहीत. म्हणून मुलांनीच ताणा, बाणा, फास, पीळ, मांड यांची चित्रांसह वही तयार केली. जेवणाची काळजी घरच्यांनी मिटवली. जपानी रश्शात बहुधा माशाचा अर्क असतो, हे कळताच शाकाहारी घरांतून कडक भाकरी आणि शेंगा चटणीची तयारी सुरू झाली. हा शिधा आठवडाभर सहज टिकतो.

एका मुलीने उपस्थित केलेला मुद्दा मात्र सर्वांत वजनदार होता. तिची आई विडी कामगार, घर कुंभारीच्या रे नगरमध्ये. असंघटित कामगारांसाठी तिथे तीस हजार घरांची वसाहत उभी राहते आहे आणि पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. तिने विचारलं, "चिन्हामुळे मालकाला भाव मिळाला, कामगाराला काय मिळालं?" शोध घेतल्यावर कळलं की जपानच्या कापड उद्योगाला व्हिएतनामसारख्या देशांतून येणाऱ्या प्रशिक्षणार्थी कामगारांचा मोठा आधार आहे. २०१९ मध्ये एनएचके या सार्वजनिक वाहिनीने इमाबारीतल्या अशा कामगारांचे हाल दाखवले, तेव्हा तिथल्या संघाला त्यावर जाहीर खुलासा करावा लागला. हा प्रश्न भेटीच्या यादीत वरच्या क्रमांकावर घातला गेला. ज्या गावाकडून शिकायचं, त्याची दुखरी बाजूही विचारायची, यावर मॅडम ठाम होत्या.

संस्थेच्या बैठकीत कोणीतरी विचारलं, एवढ्या तयारीची गरज काय? तेव्हा त्यांनी वालचंद हिराचंदांचा दाखला दिला. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेले वालचंद १९३९ मध्ये अमेरिकेला गेले ते मोटारीच्या कारखान्यासाठी. भारतात मोटार बनवायची तर कोणाशी हातमिळवणी करावी, हा त्यांचा नेमका प्रश्न होता. त्याच दौऱ्यात त्यांची विल्यम पॉली या विमान व्यवसायातल्या अमेरिकन गृहस्थाशी गाठ पडली, आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. मोटारींची प्रीमियर कंपनी नंतर, १९४४ मध्ये आली. प्रश्न पक्का असल्यामुळे वाटेत भेटलेल्या माणसाचं मोल त्यांना ओळखता आलं, असं मॅडमचं म्हणणं. मंजुरी त्याच बैठकीत मिळाली.

परतल्यावर काय करायचं, हेही निघण्याआधीच ठरलं आहे. प्रत्येक गटाने आपला अहवाल मराठीत आणि तेलुगूत लिहायचा, तो यंत्रमागधारकांसमोर वाचायचा, आणि पाण्याची परीक्षा कारखान्यात जाऊन करून दाखवायची. जपानबरोबरचा आपला व्यापार करार १ ऑगस्ट २०११ पासून लागू आहे आणि बहुतेक कापडावरचं तिथलं शुल्क त्यामुळे हटलं आहे. तरीही जपानी बाजारातला परदेशी टॉवेल मुख्यतः चीनचा आणि व्हिएतनामचा असतो. तो सोलापूरचा का नाही, याचं उत्तर तिथल्या खरेदीदाराकडून आणण्याची जबाबदारी एका गटावर टाकलेली आहे.

सोलापूरच्या आणि आसपासच्या महाविद्यालयांना या अनुभवातून एक विनंती करावीशी वाटते. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी इथल्या महाविद्यालयांनाही ती तितकीच लागू आहे. सहल कंपनीकडून दरपत्रक मागवण्याआधी मुलांना आपल्याच गावातल्या कारखान्यांत पाठवा आणि प्रश्न गोळा करा. ज्यांची उत्तरं मुंबई-पुण्यात मिळतात ते बाजूला काढा आणि उरलेल्या प्रश्नांसाठी आपल्यासारखंच गाव जगाच्या नकाशावर शोधा. कारखानदारांनीही या मुलांना दारातून परत पाठवू नये. ती तुमचेच प्रश्न घेऊन जाणार आहेत.